आकडा कोणाच्या बोटावर ठरला?

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यातली गोष्ट. आमच्या गल्लीत तेव्हा एकच ऑक्सिमीटर होता, वर्गणी काढून आणलेला. सकाळी एका घरी, दुपारी दुसऱ्या घरी, रात्री तिसऱ्या. कपड्यांच्या चिमट्यासारखे ते यंत्र बोटाला लावायचे आणि सगळे घर त्या लाल आकड्याकडे डोळे लावून बसायचे. ९७ आला की जीव भांड्यात पडायचा. ९३ आला की रिक्षा शोधायला धावाधाव.

माझ्या मावशीला तेव्हा ताप होता. दोन दिवसांपासून ती म्हणत होती, "मला दम लागतोय गं. मोरीपर्यंत गेलं तरी धाप लागते." आम्ही यंत्र लावले. आकडा आला ९५. मीच तिला म्हणाले, "अगं मावशी, ऑक्सिजन चांगला आहे तुझा. घाबरल्यामुळं तसं वाटतंय." ती गप्प बसली. यंत्रापुढे ती काय बोलणार? तिसऱ्या दिवशी तिला उठवेना, तेव्हा रुग्णालयात नेले. तिथे मनगटाच्या धमनीतले रक्त काढून तपासले. ऑक्सिजन बोटावरच्या आकड्यापेक्षा बराच कमी निघाला. मावशी वाचली, पण महिनाभर अंथरुणाला खिळून होती.

आमचा आकडा का चुकला, हे आज कोणीच सांगू शकणार नाही. यंत्र स्वस्तातले होते, बोटे गार होती, कदाचित आणखी काही. पण मला टोचते ती गोष्ट वेगळी आहे. मावशी स्वतःच्या तोंडाने सांगत होती की मला श्वास पुरत नाही. आम्ही तिचे खरे न मानता चिमट्याचे खरे मानले. "मशीन खोटं बोलत नाही" असे म्हणालो. हे वाक्य आपण सहज बोलतो. त्यात किती तथ्य आहे, ते पाहू.

चिमट्याच्या पोटात काय असते

बोटावरच्या ऑक्सिमीटरचे मूळ तत्त्व जपानमधले अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास शोधले. ते २०२० च्या एप्रिलमध्ये वारले, म्हणजे त्यांचे यंत्र जगभर घरोघरी पोचत होते त्याच दिवसांत. या शोधाने अगणित जीव वाचले आहेत, हे आधीच सांगते.

यंत्र बोटातून दोन प्रकारचा प्रकाश सोडते. एक लाल आणि दुसरा डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड. ऑक्सिजन भरलेले रक्त आणि ऑक्सिजन कमी झालेले रक्त हे दोन प्रकाश कमी-जास्त शोषतात. पलीकडे किती प्रकाश पोचला, तेवढे यंत्र मोजते. म्हणजे ते ऑक्सिजन मोजत नाही, प्रकाश मोजते. मग प्रकाशावरून ९५ हा आकडा कसा काढते?

त्यासाठी कारखान्यात एक तक्ता बनवलेला असतो. निरोगी माणसांना चाचणीसाठी बोलावतात. त्यांना हळूहळू कमी ऑक्सिजनची हवा देतात. एकीकडे बोटावर यंत्र, दुसरीकडे धमनीतले रक्त काढून खरी तपासणी. इतका प्रकाश आला तेव्हा रक्तात इतका ऑक्सिजन होता, असे जुळवून तक्ता तयार होतो आणि तो यंत्रात भरतात. आपल्या घरात जो आकडा दिसतो, तो त्या अनोळखी माणसांच्या बोटांशी ताडून दिसतो.

आता प्रश्न येतो की ती बोटे कोणाची होती? त्वचेला रंग देणारे मेलॅनिनही प्रकाश शोषते. तक्ता बनवताना बहुतेक माणसे गोरी असतील, तर काळ्या-सावळ्या बोटावर हिशोब चुकू शकतो. आणि तो वाईट बाजूला चुकतो, म्हणजे ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो. अमेरिकेतल्या औषध व उपकरण नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, २०१३ मध्ये या चाचण्यांसाठी मार्गदर्शन केले. त्यात किमान दहा माणसे घ्यावीत आणि त्यांत किमान दोन किंवा १५ टक्के, यांपैकी जी संख्या मोठी असेल तेवढी माणसे गडद वर्णाची असावीत, असे होते. दहात दोन. एवढ्यावर जगभरातल्या बोटांचा निकाल.

हे कोणालाच ठाऊक नव्हते, असेही नाही. १९९० मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी व्हेंटिलेटरवरच्या काळ्या रुग्णांत हा फरक नोंदवला होता. २००५ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी गडद त्वचेवर, ऑक्सिजन खाली गेल्यावर, यंत्र जास्त आकडा दाखवते हे मोजून छापले होते. लेख छापून आले आणि कपाटात गेले. यंत्रे तशीच विकली गेली.

ते कपाट उघडले एका मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी. एमायटी या विद्यापीठातल्या एमी मोरान-थॉमस यांनी कोविडच्या काळात घरी ऑक्सिमीटर आणला. हे यंत्र सगळ्या रंगांच्या बोटांवर सारखेच चालते का, असा साधा प्रश्न त्यांना पडला. जुने लेख शोधून त्यांनी ऑगस्ट २०२० मध्ये त्यावर मोठा लेख लिहिला. तो वाचून मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी आपल्याच रुग्णालयातल्या नोंदी काढल्या. ज्यांचा बोटावरचा आकडा ९२ ते ९६ दिसत होता, त्यांच्यापैकी किती जणांच्या रक्तात खरा ऑक्सिजन ८८ च्या खाली होता, हे त्यांनी पाहिले. गोऱ्या रुग्णांत हे प्रमाण ३.६ टक्के होते आणि काळ्या रुग्णांत ११.७ टक्के. जवळजवळ तिप्पट. डिसेंबर २०२० मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि मग सगळ्यांना जाग आली. पुढे ब्रिटनमध्ये नॉटिंगहॅमच्या रुग्णालयातल्या नोंदी तपासल्या, तेव्हा आशियाई रुग्णांतही फरक दिसला. म्हणजे हा विषय आपल्या बोटापर्यंत येतो.

यात कोणी कट केला नव्हता. काळ्या माणसांचे वाईट करायचे म्हणून कोणी यंत्र बनवले नाही. यंत्र बनवणारे, तपासणारे, मंजुरी देणारे ज्या खोलीत बसले होते, त्या खोलीत हा प्रश्न ज्याला पडेल असे फारसे कोणी नव्हते. विज्ञानाचा समाजशास्त्रीय अभ्यास करणारे हेच सांगतात की विज्ञान माणसे करतात. त्यामुळे कोणाला मोजायचे, कोणाला वगळायचे, कोणता फरक किरकोळ मानायचा, हे त्या खोलीतली माणसे ठरवतात. ते ठरवणे आकड्याच्या आत लपून राहते आणि आपल्याला फक्त आकडा दिसतो.

फुंकर मोजणारे यंत्र

ऑक्सिमीटरमध्ये चूक नकळत शिरली. दुसऱ्या एका यंत्रात ती जाणूनबुजून घातली गेली. ते यंत्र म्हणजे स्पायरोमीटर. दमेकऱ्याला किंवा धुळीत काम करणाऱ्याला डॉक्टर पीएफटी करायला सांगतात, नळीत जोराने फुंकायला लावतात, ते हे यंत्र.

लंडनचे डॉक्टर जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये ते जगापुढे मांडले. दोन हजारांवर माणसांची फुंकर मोजून त्यांनी दाखवले की फुप्फुसाची क्षमता उंचीप्रमाणे बदलते. तिथवर ठीक होते. हे यंत्र अमेरिकेत गेले तेव्हा तिथे गुलामगिरी होती. लुइझियानाचे डॉक्टर सॅम्युएल कार्टराइट यांनी ते गुलामांवर वापरले आणि सांगितले की काळ्यांची फुप्फुसे गोऱ्यांपेक्षा सुमारे २० टक्के कमी असतात, म्हणून सक्तीची मेहनत त्यांच्या प्रकृतीला चांगलीच आहे! याच डॉक्टरांनी १८५१ मध्ये, गुलामाने पळून जाणे हा एक मानसिक रोग आहे, असे जाहीर करून त्या रोगाला नावही दिले होते. पुढे यादवी युद्धानंतर, १८६९ मध्ये, बेंजामिन गूल्ड यांनी सैनिकांची मोजमापे छापली. त्यातही काळ्यांची फुंकर कमी निघाली. ते कसे जगले, काय खाल्ले, कुठे राहिले, याचा हिशोब कोणी धरला नाही.

"तू कमी आहेस, कारण शास्त्रात तसे लिहिले आहे" हे वाक्य आपल्या वाडवडिलांनी फार ऐकले आहे. तिथे ग्रंथाऐवजी यंत्र होते, एवढाच फरक.

गुलामगिरी संपली, पण तो आकडा संपला नाही. काळ्या माणसाची अपेक्षित क्षमता १० ते १५ टक्के कमी धरायची आणि आशियाई वंशाच्या माणसाची ४ ते ६ टक्के कमी, ही रीत विसाव्या शतकात यंत्राच्या आतच बसली. वय, उंची, लिंग यांच्यासोबत वंशाचाही रकाना. लुंडी ब्राउन या संशोधक बाईंनी २०१४ मध्ये या साऱ्याचा इतिहास पुस्तकरूपाने मांडला, तेव्हा कळले की रोज नळी हातात धरणाऱ्यांनाही हे कुठून आले ते ठाऊक नव्हते.

याने काय होते ते हिशोबाने पाहा. समजा एका उंचीच्या गोऱ्या माणसाची अपेक्षित फुंकर ४ लिटर आहे. त्याच उंचीच्या काळ्या कामगाराने ३ लिटर फुंकले. चाराच्या हिशोबाने ते ७५ टक्के होतात, म्हणजे फुप्फुस खराब. पण १५ टक्के आधीच कापले तर अपेक्षा ३.४ लिटरवर येते आणि तेच ३ लिटर ८८ टक्के होतात, म्हणजे माणूस ठणठणीत! फुप्फुस तेच, फुंकर तीच. कागदावर एक आजारी आणि एक निरोगी.

आणि कागदावर पैसा अवलंबून असतो. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये ॲस्बेस्टॉसच्या धुळीने फुप्फुसे गेलेल्या कामगारांचे दावे चालू होते. तेव्हा ओवेन्स कॉर्निंग या कंपनीने कोर्टात मागणी केली की काळ्या कामगारांनी दावा करायचा असेल, तर त्यांची फुप्फुसे गोऱ्यांपेक्षा जास्त बिघडलेली दिसली पाहिजेत. दीडशे वर्षांपूर्वी मळ्यावर काढलेला आकडा शतक संपता संपता कंपनीच्या वकिलाच्या हाती आला.

लहानपणी पोट भरले नाही, घरात चुलीचा धूर, कामावर धूळ, म्हणून ज्यांची फुप्फुसे लहान राहिली, त्यांची सरासरी काढायची आणि तीच त्यांची नैसर्गिक क्षमता म्हणून जाहीर करायची. अन्यायाची मोजणी केली आणि तिला निसर्ग असे नाव दिले. अमेरिकन थोरॅसिक सोसायटी या छातीच्या डॉक्टरांच्या संस्थेने अखेर एप्रिल २०२३ मध्ये शिफारस केली की वंशाचा रकाना सोडून सर्वांसाठी एकच मोजपट्टी वापरावी. हा बदलही दुधारी आहे. नव्या मोजपट्टीने काही जणांना आजाराचा दाखला मिळेल, तर काहींची शस्त्रक्रिया किंवा नोकरी अडू शकेल. म्हणून एका आकड्यावर माणसाचा निकाल लावू नका, असेही त्याच संस्थेचे म्हणणे आहे.

अठराचे एकवीस

तिसरे उदाहरण किडनीचे. रक्तातल्या क्रिएटिनिनवरून किडनी किती काम करते याचा अंदाज काढतात. रिपोर्टमध्ये त्याला ईजीएफआर लिहितात. तो मोजलेला नसतो, सूत्राने काढलेला असतो. अमेरिकेत २००९ पासून जे सूत्र चालू होते, त्यात माणूस काळा असेल तर आलेला आकडा सुमारे १.१६ ने गुणायचा असे होते. काळ्यांचे स्नायू जास्त असतात, असे त्याला कारण दिले होते. तिथे किडनी मिळण्याच्या रांगेत नाव लागायला हा आकडा २० किंवा त्याखाली लागतो. गोऱ्या रुग्णाचा आकडा १८ आला की तो रांगेत. काळ्या रुग्णाचा १८ आला की गुणून जवळजवळ २१ होणार आणि तो बाहेर. तोवर डायलिसिसची वेळ जवळ येत राहणार.

याविरुद्ध आवाज कोणी उठवला? वैद्यकीय महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी, काही डॉक्टरांनी, डोरोथी रॉबर्ट्स यांच्यासारख्या समाजशास्त्रज्ञांनी आणि रुग्णांनी. विद्यार्थी वर्गात विचारू लागले की रुग्ण काळा आहे हे कोण ठरवते? आई काळी आणि बाप गोरा असेल, तर कितीने गुणायचे? याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. २०२१ मध्ये तिथल्या किडनी तज्ज्ञांच्या संस्थांनी वंश वगळून नवे सूत्र दिले. २०२३ पासून, जुन्या सूत्रामुळे ज्यांची रांगेतली वर्षे बुडाली, त्यांना ती परत मोजून द्यायला सुरुवात झाली. हजारो रुग्ण रांगेत पुढे सरकले.

मग यंत्र फेकून द्यायचे का?

हे वाचून कोणी म्हणेल, बघा, डॉक्टर-बिक्टर सगळे थोतांड आहे, त्यापेक्षा आमच्या बाबांचा अंगारा बरा. त्याच्यापासून सावध राहा.

ऑक्सिमीटरची चूक पकडली कशाने? धमनीतले रक्त तपासून, हजारो नोंदी जुळवून आणि हिशोब सर्वांसमोर मांडून. म्हणजे विज्ञानाच्याच रीतीने. अंगारा देणारा आपल्या किती भक्तांना गुण आला नाही, याची नोंद ठेवतो का? ती छापतो का? विज्ञानाची चूक दाखवता येते, कारण तिथे मोजमाप उघडे ठेवायचा नियम आहे. तो नियम कधी कधी पाळला जात नाही. तेव्हा भांडून पाळायला लावायचा असतो.

पण उलट टोकही तितकेच चूक आहे. शिकलेल्या माणसाने सांगितले, मशीनवर आले, आता तोंड बंद, असे आपण आपल्याच माणसांना सांगतो. दवाखान्यात आपल्या बायका प्रश्न विचारतात तेव्हा "तुम्हाला काय कळतं?" असे ऐकून घेतात. वरच्या तिन्ही गोष्टींत पहिला प्रश्न साधा होता. कोणाच्या बोटावर तपासले? हा १५ टक्क्यांचा आकडा आला कुठून? काळा म्हणजे कोण? हे विचारायला मोठी पदवी लागत नाही. उत्तर काढायला लागते. प्रश्न आणि उत्तर, दोन्ही बाजू एकत्र आल्या तेव्हाच चूक सुधारली. म्हणून तज्ज्ञाचा मान ठेवणे आणि तज्ज्ञाला विचारणे यांत विरोध नाही. ज्याला आपल्या विद्येची खात्री आहे, तो डॉक्टर प्रश्नाने चिडत नाही.

प्रश्न कसा ओळखायचा, हेही सांगते. "लस वाईटच" असे म्हणून जो पुरावा ऐकायलाच थांबत नाही, तो प्रश्न विचारत नाही, तो पळ काढतो. "ही चाचणी माझ्यासारख्या माणसांवर केली होती का आणि काय दिसले?" असे विचारून जो उत्तर ऐकायला बसतो, त्याचा प्रश्न खरा.

घरी आणि दवाखान्यात काय करायचे

ऑक्सिमीटर लावण्याआधी बोट चोळून गरम करा, नेलपॉलिश काढा, हात स्थिर ठेवा आणि आकडा एका जागी थांबेपर्यंत वाट पाहा. एका आकड्यापेक्षा तो वर जातो की खाली, हे बघा. सकाळ-संध्याकाळचे आकडे वेळ टाकून वहीत लिहा. कालचा ९८ आज ९५ झाला असेल आणि माणसाला दम लागत असेल, तर ९५ चांगला आहे म्हणून घरी बसू नका.

माणूस काय सांगतो ते आधी ऐका. बोलताना धाप, छातीत दुखणे, गोंधळल्यासारखे वागणे, झोपेतून नीट न उठणे, यांपैकी काही असेल तर आकडा काहीही असो, दवाखाना गाठा. ओठ निळे पडतात का बघा असे सांगतात, पण सावळ्या त्वचेवर तो रंग लवकर दिसत नाही. ओठांची आतली बाजू, हिरड्या आणि जीभ उजेडात बघा.

फुप्फुसाची तपासणी करताना उंची अंदाजाने सांगू नका, मोजून घ्यायला लावा. अपेक्षित आकडा कोणत्या मोजपट्टीने काढला, हे विचारा. दगडखाण, क्रशर, फरशी कापणे, बांधकाम तोडणे, सफाई, जे काम केले असेल ते किती वर्षे केले यासह केस पेपरवर लिहायला सांगा. दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस हा कायद्याने नोंद करण्याजोगा रोग आहे आणि व्यवसायातून होणाऱ्या आजारांची भरपाई कायद्याने मागता येते. पण कागदावर कामच लिहिलेले नसेल, तर मागणार कशाच्या आधारावर? जुना रिपोर्ट जपून ठेवा. तुमच्या फुप्फुसाची सगळ्यात चांगली तुलना तुमच्याच जुन्या रिपोर्टशी होते.

किडनीच्या रिपोर्टमध्ये ईजीएफआर असेल, तर तो अंदाज आहे हे ध्यानात ठेवा. क्रिएटिनिन स्नायूंतून येते. त्यामुळे फार अशक्त, हडकुळ्या माणसाचे क्रिएटिनिन कमी दिसते आणि किडनी आहे त्यापेक्षा बरी वाटू शकते. घरात असे कोणी असेल तर डॉक्टरांना विचारा, "वजन इतकं कमी आहे, तरी हा आकडा धरायचा का?" लघवीतल्या प्रथिनांची तपासणीही करून घ्या.

आणि आपली मुले-मुली जेव्हा नर्सिंगला, लॅब टेक्निशियनला, इंजिनिअरिंगला, डॉक्टरकीला जातात, तेव्हा त्यांना फक्त नोकरीपुरते पाठवू नका. यंत्रे ज्या खोल्यांत ठरतात, त्या खोल्यांत आपल्या बोटांची आठवण असलेले कोणीतरी बसायला हवे. जानेवारी २०२५ मध्ये एफडीएने ऑक्सिमीटरच्या नव्या नियमांचा मसुदा काढला. त्यात चाचणीसाठी दहाऐवजी दीडशे किंवा जास्त माणसे आणि त्वचेच्या सगळ्या छटा घ्याव्यात, असे सुचवले आहे. दहाचे दीडशे आपोआप झाले नाहीत. कोणीतरी विचारले म्हणून झाले.

आमच्या गल्लीतला तो ऑक्सिमीटर अजून चालू आहे. कोणाला ताप आला की मीच घेऊन जाते. आता त्याच्या डबीत एक छोटी वही आणि पेन्सिल ठेवली आहे. आकड्याच्या रकान्याआधी एक रकाना मी आखला आहे, "कसं वाटतंय?" मावशी म्हणते, "हे तेव्हाच विचारलं असतंस तर?" तिला उत्तर देता येत नाही. म्हणून वही पुढे करते आणि आधी तो रकाना भरते.